हाताला सोसेल तेवढं ऊन

फार फार जुनी गोष्ट आहे. कधीची, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. नदीकाठच्या एका गावात एक म्हातारी माळीण राहायची. त्या गावची काटेरी वांगी पंचक्रोशीत नावाजलेली. पण लागोपाठ दोन वर्षं करपा पडला आणि साऱ्या गावात मिळून मूठभर बी तेवढं उरलं, तेही माळणीच्या घरी.

रोग त्या बियांतही दडून बसलेला. तो घालवायचा तर पेरणीआधी बी ऊन पाण्यात बुडवून ठेवायचं, अशी वाडवडिलांची रीत. पाणी कोमट राहिलं तर रोग जगतो, फार तापलं तर बी मरतं. माप एकच: हाताला सोसेल तेवढं ऊन.

पेरणीच्या दिवशी सारं गाव माळणीच्या अंगणात जमलं. माळणीने पातेल्यात हात घातला. तिचा उभा जन्म चुलीपुढे गेलेला. तव्यावरची भाकरी ती बोटांनीच उलटायची.

"कोमटच आहे गं," ती सुनेला म्हणाली, "अजून दोन लाकडं सार."

सुनेने पाण्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "आत्याबाई, भाजतंय हो! बी शिजेल."

"मेलं, लोण्याचं बोट तुझं! आजवर बी कुणी राखलं, मी की तू?"

माळणीला राग आला होता आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. पण एवढ्या लोकांदेखत हात चुकला असं म्हणायचं कसं? तिने बियांची पुरचुंडी उचलली.

सुनेने तिचं मनगट धरलं. "चिमूटभर तरी मागे ठेवा. पाया पडते."

माळणीने फणकाऱ्याने चिमूटभर बी तिच्या तळहातावर टाकलं आणि बाकीचं पाण्यात सोडलं. सुनेने मात्र थोडं पाणी वेगळ्या वाटीत काढलं, आपलं बोट टिकेपर्यंत ते निवू दिलं आणि मगच तिची चिमूट त्यात बुडवली.

वाफे दोन केले. लहान वाफ्यात कोंब आले, हिरवेगार, करप्याचा ठिपकाही नाही. मोठा वाफा तसाच काळा राहिला. माळणीने माती उकरून पाहिली, तर बी चिमटीत लगदा झालं.

तिने सुनेचा हात ओढून घेतला. त्यावर चुलीच्या चटक्यांचे जुने-नवे डाग होते.

"रोज म्हणायचीस गं, भाजतंय म्हणून," ती रडत म्हणाली. "मी म्हणायची, नखरे करते."

गावाचं वांगं त्या चिमटीवर तगलं. पुढे त्या घरात पाण्याला पहिलं बोट लावायचा मान नव्या सुनेचा झाला.

तात्पर्य: ज्या हाताला चटका कळेनासा झाला, त्याने दुसऱ्याच्या सोसण्याचं माप काढू नये.