राउटरची उत्तरपूजा

गुळाच्या पेठेसाठी नावाजलेल्या एका गावी एकदा एक व्यापारी राहत असे. तीन पिढ्यांची पेढी, चोख व्यवहार आणि श्रद्धाळू वृत्ती. दरवर्षी मार्गशीर्षात एक वृद्ध निरूपणकार आपल्या शिष्यासह त्याच्या घरी मुक्कामास येत आणि सात दिवस सोप्यात निरूपण करीत. निरूपण संपले की ते पायाशी बसलेल्या शिष्याला विचारीत, "नीट ऐकू आले ना?" शिष्य म्हणे, "अगदी स्पष्ट, महाराज." हा त्यांचा नित्यक्रम होता.

त्या वर्षी पाय धुऊन पाटावर बसताच व्यापाऱ्याने त्यांना एक आनंदाची वार्ता सांगितली. कमरेचे हाड मोडल्यापासून त्याची आई, गोदाक्का, मागच्या खोलीत खाटेवरच असे. तिला आता विरक्ती आली होती. गोदाक्काची धाकटी लेक कुमुद परदेशात, तिचा दर रविवारी मोबाइलवर समोरासमोर बोलण्यासाठी फोन येई. पूर्वी गोदाक्का त्यासाठी पहाटेपासून वेणीफणी करून बसे. आता फोन आला की ती म्हणे, "निजले म्हणून सांग." गावातील चार जाणती माणसेही म्हणू लागली होती की, माउलीचा मोहपाश गळून पडला.

"केव्हापासून?" महाराजांनी विचारले.

"दसऱ्यापासून, महाराज."

महाराजांनी मान हलवली.

बोलता बोलता व्यापाऱ्याने दुसरीही गोष्ट सांगितली. चित्र तुटते, आवाज अडकतो, अशी कुमुदची तक्रार होती. तेव्हा त्याने घरचे इंटरनेट वाढवून घेतले. पन्नासाचे शंभर केले, शंभराचे तीनशे. प्रत्येक वेळी देवघराच्या उंबऱ्यात उभे राहून मोबाइलवर वेग मोजला. तीनशे पुरते भरले. तेव्हा दोष असलाच तर तो परदेशाकडचा, असा त्याने निर्वाळा दिला होता.

आतून त्याच्या पत्नीचा आवाज आला. "यांचा वेग देवघरात तीनशे, महाराज. माझ्या चुलीपाशी येईस्तोवर त्याची काकवी होते."

व्यापारी हसला, पण त्याने ते मनावर घेतले नाही.

त्या घराचे देवघर आजोबांनी हौसेने बांधून घेतले होते. दगडी भिंती दोन हात रुंद, दारावर नक्षीचा पितळी पत्रा. दसऱ्याला व्यापाऱ्याने तराजू आणि वजने पुजली, तसा राउटरही पुजला. घरच्या चलनवलनाचे तेही एक साधनच. तराजू दुसऱ्या दिवशी पेढीवर गेला. राउटर मात्र पाटावरच राहिला. नंदादीपाशेजारी त्याचे हिरवे दिवे लुकलुकत, ते त्याला फार शोभिवंत वाटत. शिवाय जे देवाजवळ असते त्यात उणे पडत नाही, ही त्याची निष्ठा. वायर आत ओढून घेतली आणि दार कायम ओढलेले राहू लागले, कारण मांजर आत शिरे.

शिष्य तंत्रनिकेतनात शिकलेला होता. दगड आणि पितळ यांच्या आड बिनतारी लहरींचे काय होते, हे तो जाणून होता. त्याने बोलण्यासाठी ओठ उघडले, तोच महाराजांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुपारी महाराज मागच्या खोलीत गेले. मध्ये चौक होता आणि दोन भिंती. ते खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, "आक्का, तुम्हाला विरक्ती आली म्हणतात."

गोदाक्का हसली. "कसली विरक्ती, महाराज? लेकीला बघायला जीव तुटतो माझा. पण त्या काचेत ती बोलता बोलता थांबते. तोंड अर्धं उघडं आणि डोळे मिटलेले, तशीच राहते. तिच्या वडिलांना शेवटचं चौकात निजवलं होतं, तेव्हा ते असेच दिसत होते. पोटच्या पोरीला तसं बघवत नाही मला. म्हणून सांगते, निजले."

"मुलाला सांगितले नाहीत?"

"तो येऊन सांगतो, आई, तुझ्यासाठी तीनशेचं आणलं. एवढी धडपड करतो लेकरू. त्याला कुठल्या तोंडानं सांगू, की माझ्यापर्यंत काही येत नाही?"

महाराज उठून सोप्यात परतले.

संध्याकाळी सोपा श्रोत्यांनी भरला. महाराज आले, देवघरात जाऊन त्यांनी दंडवत घातला आणि बाहेर येण्याऐवजी तेथेच आसन मांडले. मग हात लांबवून त्यांनी पितळी दार आतून ओढून घेतले आणि निरूपणास आरंभ केला.

सोप्यात नुसती घुमघुम ऐकू येऊ लागली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. व्यापाऱ्याने शिष्याला आत पाठवले आणि आवाज थोडा चढवावा, अशी विनंती केली. महाराजांनी आवाज चढवला. घुमघुम वाढली, शब्द एकही कळेना. पुन्हा विनंती झाली, पुन्हा आवाज चढला. एक म्हातारे श्रोते शेजाऱ्याला म्हणाले, "आज देवालाच निरूपण दिसतंय. आपण प्रसादापुरते." तेव्हा मागे हशा पिकला.

अखेर व्यापारी स्वतः उठला. दार लोटून हात जोडून म्हणाला, "महाराज, आवाज चढवून उपयोग नाही. आपण बाहेर यावे."

"माझा आवाज उणा नव्हता, शेटजी. मी येथे बसून ऐकत होतो. एक अक्षरही सांडले नाही."

"आपल्यापाशी पुरता असेल, महाराज. ऐकणारे बाहेर बसले आहेत."

महाराजांनी त्याला खुणेने आत बोलावले आणि सोप्यात ऐकू जाणार नाही इतक्या हळू स्वरात विचारले, "तुमच्या पेठेत गुळाचे वजन कोणते खरे धरतात? तुमच्या दारात भरलेले, की घेणाऱ्याच्या दारात उतरलेले?"

"उतरलेले. वाटेत गुळाला पाणी सुटते, ढेप हलकी होते. घेणाऱ्याचा काटा बोलेल ते प्रमाण. ही आमची तीन पिढ्यांची रीत आहे."

"उत्तम रीत आहे. पेढीवर ती तुम्ही कधी मोडली नाहीत. घरात मात्र तुम्ही भरलेले वजन धरून बसला आहात. तीनशे भरले, ते या उंबऱ्यात. ज्या खाटेसाठी भरले, तिच्यापाशी किती उतरले, ते पाहायला तुम्ही गेला नाहीत. उणे पडले असे वाटले, की तुम्ही भरणे वाढवलेत; जसा मी आत्ता आवाज वाढवला. गोदाक्कांना विरक्ती आलेली नाही. त्यांना लेक डोळे मिटून थिजलेली दिसते, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्या निजल्याचे सांगतात. दिलेल्याचे माप देणाऱ्याच्या हाताशी कळत नाही, शेटजी. प्रेमाचे नाही, आणि निरूपणाचेही नाही."

व्यापारी उठला, भरल्या सोप्यातून तसाच चौक ओलांडून मागच्या खोलीत गेला, आणि आईच्या उशाशी बसून त्याने मोबाइलवर वेग मोजला. दोन भरला. त्याने तो आकडा आईला दाखवला नाही. तिचे पाय मात्र थोडा वेळ चेपले.

परत आल्यावर त्याने एकच शंका विचारली. देवाजवळून वस्तू उचलणे बरे दिसेल का?

"पूजा तुम्ही यथासांग केलीत," महाराज म्हणाले, "उत्तरपूजा तेवढी राहिली. तराजूची झाली, कारण तो आपल्या कामावर गेला. हे साधन अजून पाटावरच बसून आहे. अक्षता वाहा, आणि याला याच्या कामावर पाठवा."

व्यापाऱ्याने अक्षता वाहिल्या. शिष्याने वायर फिरवून राउटर चौकातील उघड्या लाकडी फळीवर, मागच्या खोलीच्या दारासमोर नेऊन ठेवला. मग सवयीने व्यापारी मोबाइल घेऊन देवघराकडे वळला, दोन पावले गेला, थांबला, आणि आईच्या खोलीत शिरला. खाटेपाशी एकशे चाळीस भरले. तीनशेच्या निम्म्याहूनही कमी. पण त्या रात्री तो समाधानाने जेवला.

हात धुताना शिष्याने विचारले, "महाराज, दुपारीच मला बोलू दिले असते, तर एका वाक्यात काम झाले असते."

"राउटर हलला असता," महाराज म्हणाले. "माप उंबऱ्यातच राहिले असते."

रविवारी सकाळी फोन आला. गोदाक्काने आधी नको म्हणूनच मान फिरवली होती. मुलाने तिचा हात धरून ठेवला. काचेत कुमुद दिसली. गोदाक्का कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली.

"आई, ऐकू येतंय का गं? बोलत का नाहीस?"

"येतंय. तू बोल, काहीही बोल. तुझ्या पापण्या लवताना दिसतात मला."

दाराबाहेर उभा असलेला शिष्य हे ऐकून हळूच मागे सरला.

त्या संध्याकाळी महाराजांनी सोप्यात आसनावर बसून निरूपणास आरंभ केला, तेव्हा पायाशी शिष्याची जागा रिकामी होती. त्यांनी मान वर करून पाहिले. शिष्य सर्वांत मागे, चपला-जोड्यांजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसला होता आणि कान देऊन ऐकत होता.