पोवळीची कर्दळ

आलात का सगळे? पाय आत घ्या. तू सरक तिकडे, भिंतीशी. आजची गोष्ट जरा रडकी आहे, आधीच सांगते. मग मला बोल लावायचा नाही.

तर एक होती माळीण. तिला एकच लेक, पोवळी. गुलाबी परकर नेसायची नि दिवसभर बागेत बागडायची. मोरीचं पाणी परसात जिथे जायचं, तिथे माळिणीनं कर्दळ लावली होती. साधीच आपली, हिरव्या पानांची, पिवळ्या फुलांची.

मग पोवळी मोठी झाली. लग्न झालं. सासर मिळालं पार डोंगरापलीकडचं. निघताना माळिणीनं कर्दळीचा गड्डा खणला नि लेकीच्या ओटीत घातला. म्हणाली, "मोरीच्या पाण्यावर लाव गं. माहेर जवळ असल्यासारखं वाटेल."

पोवळीनं लावला. मग नवरा गेला राजाच्या फौजेत. घरात राहिल्या सासू नि सून. सासू मारकुटी नव्हती, बरं का. पण माया म्हणून नव्हती बाईला. पोवळी विचारायची, "आत्याबाई, माहेरी जाऊन येऊ?" सासू म्हणायची, "जाशील की पुढच्या सणाला." सण यायचा नि जायचा. डोळ्यांत पाणी दिसलं की सासू ओरडायची, "तिन्हीसांजेची रडतेस काय? लक्ष्मी परत जाईल दारातून." मग पोवळी मोरीत जायची, तोंड धुतल्यासारखं करायची नि रडून घ्यायची. ते पाणी जायचं कर्दळीला. कर्दळ बिचारी काय करणार? प्यायची.

मग एकदा माळीण लेकीला भेटायला आली. चालून चालून घसा कोरडा पडलेला, पाय धुळीनं भरलेले. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. माळीण रीतीची पक्की. बसली ओसरीवर, विहिणीशेजारी.

पोवळी म्हणाली, "आई, मागं ये ना. पाय तरी धू."

"नको गं बाई. लेकीच्या घरच्या पाण्याला मी शिवत नाही."

"मग नुसती ये. आपली कर्दळ बघ."

"कर्दळ काय बघायचीय? रोज बघते घरी. तू बरी आहेस ना?"

विहीण समोरच बसलेली. पोवळी काय बोलणार? म्हणाली, "बरी आहे."

माळीण गेली उठून. तिकडे परसात कर्दळीच्या पानांच्या कडा काळवंडल्या होत्या. कोणी बघितल्याच नाहीत.

मग माळीण दुसऱ्यांदा आली. पुन्हा ओसरी, पुन्हा विहीण. पोवळीनं हात धरून ओढलं हो आईला, "चल ना गं मागं!" माळीण हसली. "लग्न झालं तरी पोरपणा गेला नाही," म्हणाली. अगं बये, तेवढी चार पावलं गेली असतीस तर! पण नाही गेली. तोवर पानं निम्मी काळी झाली होती.

मग घरी माळिणीला लेकीनं धरून ओढलेला हात सारखा आठवायला लागला. या खेपेला लेकीला घेऊनच यायचं, विहीण काहीही म्हणो, असं ठरवून ती तिसऱ्यांदा निघाली. पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. ओसरीवर विहीण एकटीच. मांडीवर पोवळीचं गुलाबी पातळ.

"विहीणबाई," पोवळीची सासू माळिणीला म्हणाली, "पोर सकाळी मोरीत तोंड धुवायला गेली. बाहेर आलीच नाही. जाऊन बघते तर नुसतं पातळ."

रडून रडून विरघळली होती पोवळी. पाण्याबरोबर वाहून गेली होती.

माळीण धावत मागं गेली. पहिल्यांदाच गेली. बघते तर कर्दळ माथ्याएवढी उंच, पानं सगळी काळीजांभळी, वांग्यासारखी. आणि शेंड्याला एकच फूल. गुलाबी. पोवळीच्या परकराचा होता ना, तोच गुलाबी.

माळीण मोरीत मटकन बसली. घंगाळातलं पाणी ओंजळीत घेतलं नि घटाघटा प्यायली. "प्यायले गं," म्हणाली. "बघ, प्यायले तुझ्या घरचं पाणी."

मग फूल हललं. वारा नव्हता, बरं का. फूल म्हणालं, "आई, आता तरी मला घरी ने."

विहिणीनंच कुदळ आणून दिली. दोघी रडत रडत खणत होत्या. तिन्हीसांज होती, पण लक्ष्मीचं नाव कोणी काढलं नाही.

मग माळिणीनं ती कर्दळ आपल्या मोरीपाशी लावली. फूल आलं की शेजारी बसून त्याच्याशी बोलायची. आणि तेव्हापासून त्या मुलखातल्या आया लेकीकडे गेल्या की आधी परसात जातात, पाय धुतात, पोटभर पाणी पितात, मग ओसरीवर बसतात. पुष्कळ लेकी सुखी झाल्या त्यानं.

काय रे? पोवळी परत माणूस झाली का? नाही रे राजा. खोटं कशाला सांगू? फूलच राहिली. पण आपल्या घरी राहिली.

आपल्या मोरीमागची काळ्या पानांची कर्दळ तिचीच. या घरातून त्या घरात गड्डा देत देत आलीय इथवर. सकाळी चूळ भराल ती तिच्या मुळाशी टाका. आणि एक सांगून ठेवते, कधी रडू आलं तर मोरीत जाऊन रडायचं नाही. इथं यायचं, माझ्यापाशी. मी झोपलेली असले तरी उठवायचं.

आता मिटा डोळे.