टण्ण वाजणारी पायरी

ही गोष्ट फार जुन्या काळची आहे. इतक्या जुन्या काळची, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. लहानांनी पुढे सरकून बसावं. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण कान इकडे ठेवावेत, कारण गोष्टीतली चूक मोठ्यांनीच केलेली आहे.

त्या राज्यात उंच डोंगरावर, खिंडीच्या तोंडाशी एक बाजारपेठ होती. एकच रस्ता, तोही चढाचा, आणि दोन्ही अंगांना दगडी पायऱ्यांची दुकानं. हिवाळ्यात तिथे बर्फ पडे. थोडाथोडका नव्हे, सकाळी दार ढकललं तर उघडू नये इतका. तरी बाजार चालूच राही. खालच्या मुलखातून खेचरांवर मीठ, धान्य, लोकर येई, आणि हमाल ते पाठीवर घेऊन दुकानादुकानांत पोचवत.

राजाने एक नियम घालून दिला होता. ज्याचं दुकान त्याने आपल्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा, त्या चालण्याजोग्या करायच्या, मगच दुकान उघडायचं. नियम पाळला जातो की नाही ते बघायला एक कोतवाल होता. त्याच्याकडे लोखंडी टोकाची काठी होती. सकाळी तो रस्त्याने चढत येई आणि दर पायरीवर काठी आपटी. टण्ण आवाज आला तर दगड मोकळा. धप्प आला तर बर्फ शिल्लक. टण्ण वाजलं की कोतवाल मान डोलवी आणि दुकानदार फळ्या काढी. ही पद्धत सगळ्यांना मान्य होती, आणि कोतवालाला तर विशेष आवडायची, कारण तिच्यात वाकावं लागत नसे.

बर्फ खरवडून झाला की पायरीवर चुलीतली राख पसरायची, अशीही एक रीत होती. राखेवर पाय ठरतो. पण राखेवर काठी नीट वाजत नाही. म्हणून दुकानदार म्हणत, आधी कोतवाल येऊन जाऊ दे, मग राख टाकू. कोतवाल जाई, गिऱ्हाईक येई, भावाची घासाघीस सुरू होई आणि राख राहून जाई.

याच बाजारात एक लोकरीचा व्यापारी होता. सगळे त्याला शेटजी म्हणत. माणूस वाईट नव्हता. वजनात कुणाला फसवत नसे, नोकराला शिळं वाढत नसे. त्याला फक्त एका गोष्टीचा हट्ट होता. बाजारात पहिलं दुकान आपलं उघडलं पाहिजे. आणि हा मेला बर्फ रोज आडवा येई. फावड्याने ओढा, खुरप्याने खरवडा, खराट्याने झाडा. तोवर समोरचा हलवाई फळ्या काढून गिऱ्हाइकांशी हसत बसलेला असे, आणि ते हसू बघून शेटजींच्या अंगाचा तिळपापड होई.

एका सकाळी अंघोळीच्या बंबात पाणी खळखळत होतं. शेटजींनी बंबाकडे बघितलं, दाराबाहेर बघितलं आणि अंघोळ बाजूला ठेवून कढत पाण्याची घागर पायऱ्यांवर ओतली. बर्फ बघता बघता विरघळला. काळेभोर दगड धुतल्यासारखे वर आले. कोतवालाने काठी आपटली. टण्ण.

"वा, शेटजी," कोतवाल म्हणाला, "सगळ्यांनी तुमचा कित्ता गिरवायला हवा."

सगळ्यांनी तो गिरवलाच. आठवड्याभरात घरोघरी पहाटे बंब पेटू लागले. फावडी माळ्यावर गेली. हलवायाने तर पाण्यासाठी नवीन कढई घेतली. शेटजी हुशार ठरले आणि ते त्यांना बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

पण ओतलेलं पाणी जातं कुठे, हे कुणी विचारलं नाही. ते दगडांच्या सांध्यांत आणि खळग्यांत मुरे. दुपार कलली, सूर्य डोंगराआड गेला, की तिथेच गोठे. पायरीवर काचेसारखा पातळ थर चढे आणि खालचा काळा दगड त्यातून स्वच्छ दिसत राही, त्यामुळे बर्फ आहे हे डोळ्यांना कळतच नसे. दुकानदारांना तो पायांनीही कळला नाही, कारण ते दुकानांच्या मागेच राहत आणि आतल्या आत घरी जात. संध्याकाळी पायऱ्या चढत होते ते गिऱ्हाईक आणि हमाल.

असाच एक हमाल दिवेलागणीला शेटजींच्या दुकानी लोकरीचा गठ्ठा घेऊन आला. वर्षानुवर्षं त्याच पायऱ्या चढलेला माणूस. वरच्या पायरीवर त्याचा पाय सटकला आणि तो गठ्ठ्यासकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. शेटजी धावत बाहेर आले, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "लोकर भिजली का?" असा. दुसरा शब्द चांगला होता, त्यांनी वैद्याला बोलावलं. पण हमालाच्या बायकोच्या कानावर पहिलाच गेला.

त्या बाजारात हमालांची ओळ ठरलेली असे. ओळीतली जागा बापाकडून मुलाकडे येई. मात्र हिवाळाभर जो ओझं उचलणार नाही त्याची जागा दुसऱ्याला जाई, असा त्यांचा दंडक होता. जागा गेली की डोंगर सोडून खाली उतरायचं, दुसरं काही हातात नाही. हमाल खाटेवर पडून छताकडे बघत होता. पाय दुखत होताच, पण त्याला रडू येत होतं ते जागेचं.

बायकोने डोळे पुसले, पदर खोचला आणि ती शेटजींच्या दुकानी गेली.

शेटजींनी तिला बघताच पिठाची गोणी पुढे केली. "घेऊन जा हो. संकोच करू नका."

"पीठ नको मला," ती म्हणाली. "माझ्या माणसाची जागा राहिली पाहिजे. तो तुमच्या पायरीवर पडला, तेव्हा त्याची जागा तुम्ही राखायची."

"मी काय केलं? मी नियम पाळलाय. सकाळी काठी वाजली, विचारा कोतवालांना."

"माझा माणूस सकाळी नाही पडला, शेटजी. दिवे लागताना पडला."

शेटजी रागावले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. ती कोतवालाकडे गेली. कोतवाल म्हणाला, काठी वाजली होती, मी स्वतः ऐकली. ती हमालांच्या मुकादमाकडे गेली. मुकादम म्हणाला, वहिनी, दंडक आहे, मी काय करू? जो तो आपापल्या जागी बरोबर होता आणि तिचा नवरा मात्र खाटेवर होता. दुसरी एखादी घरी जाऊन रडत बसली असती. ही थेट थोरल्या बाईंच्या दारात जाऊन बसली आणि न्याय मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणाली.

थोरल्या बाई म्हणजे त्या गावचा न्याय करणारी म्हातारी. बोलणं कमी, ऐकणं फार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेटजींच्या दुकानापुढे सगळ्यांना बोलावलं.

"कोतवाल," त्या म्हणाल्या, "तपासा बघू पायरी."

कोतवालाने काठी आपटली. टण्ण. सकाळपेक्षाही खणखणीत वाजली.

"वाजली, थोरल्या बाई. पायरी स्वच्छ आहे."

"छान. आता तो गठ्ठा पाठीवर घ्या आणि चढून दाखवा."

कोतवालाने लोकांकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि गठ्ठा घेतला. पहिली पायरी चढला. दुसऱ्या पायरीवर त्याचे पाय एकीकडे, पागोटं दुसरीकडे आणि गठ्ठा तिसरीकडे गेला. दोघा हमालांनी त्याला वरच्यावर धरलं म्हणून बरं, नाहीतर वैद्याला आणखी एक खाट लागली असती. लोक हसले. हमालाची बायको हसली नाही.

"दगड वाजतो तसा गोठलेल्या पाण्याचा बर्फही वाजतो," थोरल्या बाई म्हणाल्या. "शेटजी, नियमात काय लिहिलंय? पायरी वाजली पाहिजे असं, की चालण्याजोगी पाहिजे असं?"

शेटजी खाली मान घालून म्हणाले, "चालण्याजोगी."

"मग हमालाचा पाय बरा होईपर्यंत ओळीत त्याच्या जागी तुम्ही उभे राहायचं. ओझं तुमच्या पाठीवर, मजुरी त्याच्या घरी. जागा त्याची."

दुसऱ्या दिवशी शेटजी ओळीत उभे राहिले. निवाडा एकट्या शेटजींचा झाला होता, बाकी पहाटेचे बंब आणि कोतवालाची काठी तशीच चालू होती. लाजेने कान लाल झाले होते. पहिल्या दिवशी ते मिठाच्या गोणीसकट हलवायाच्या पायरीवर गुडघ्यांवर पडले. दुसऱ्या दिवशी तांबटाच्या दारात. संध्याकाळी घरी आले की पाठ शेकत बसत. हळूहळू त्यांच्या लक्षात येऊ लागलं की हमाल पायरीपाशी आले की श्वास रोखतात. इतकी वर्षं आपल्याच दारात माणसं श्वास रोखून चढत होती आणि आपण आत बसून भाव सांगत होतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

तिसऱ्यांदा घसरले तेव्हा ते हलवायाला म्हणाले, "अहो, खुरपं घ्या, खरवडा हे. वर राख टाका."

"शेटजी, सकाळी काठी वाजली," हलवाई म्हणाला. "मी नियम पाळलाय."

आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं कठीण असतं. शेटजींनी दात आवळले. पहिलं दुकान उघडण्याचा जो हट्ट होता, तो सगळाच्या सगळा आता इकडे वळला. ते गोणी पाठीवर घेऊन पायरीच्या खाली उभे राहिले.

"वर या ना," हलवाई म्हणाला.

"राख पडली की येतो."

"साखर ओली होईल."

"होऊ दे. ओझं माझ्या पाठीवर आहे, मला घाई नाही."

मागे दुसरा हमाल आला. त्याने शेटजींकडे बघितलं आणि तोही थांबला. मग तिसरा. थोड्या वेळात वरपासून खालपर्यंत पाठीवर ओझी घेतलेली माणसं उभी होती. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी माल फेकला नाही. ते नुसते उभे होते आणि बर्फ पडत होता. आत चुली थंड होऊ लागल्या, गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. शेवटी हलवाई खुरपं घेऊन बाहेर आला. मग तांबट. मग माळ्यांवरून फावडी खाली आली आणि सगळ्या रस्त्यावर खरखर सुरू झाली.

एकच दुकान राहिलं, खुद्द शेटजींचं. तिथे त्यांचा मोठा मुलगा बसत होता. पायऱ्या चकचकीत होत्या.

"बाबा, या वर," तो म्हणाला. "तुम्ही मालक आहात. तुम्हाला कोण अडवणार?"

"राख टाक."

"पण पाणी ओतायचं तुम्हीच शिकवलंत."

"चुकीचं शिकवलं," शेटजी म्हणाले. "त्या चुकीने एका माणसाचा पाय मोडला. तुझा मोडायची वाट बघू का? राख टाक, बाळा."

मुलाने बापाच्या पाठीवरचं ओझं बघितलं, वाकलेले खांदे बघितले. तो आत गेला आणि चुलीतली सगळी राख घमेल्यात भरून घेऊन आला.

हिवाळा सरला. हमाल उठला, पण मोडलेला पाय थोडा आखूड राहिला. जागा त्याची होती, कुणी घेतली नव्हती. ओझं मात्र आता पेलत नव्हतं. शेटजींनी त्याच्या घरी जाऊन त्याची आणि त्याच्या बायकोची माफी मागितली. बायको म्हणाली, "माफी दिली, शेटजी. पण त्याने पाय लांब होत नाही." शेटजींनी ते ऐकून घेतलं. मग ते थोरल्या बाईंकडे गेले आणि त्यांनी एक मागणी केली. थोरल्या बाईंनी ती मान्य केली.

पुढच्या हिवाळ्यापासून पायऱ्या तपासण्याचं काम त्या हमालाकडे आलं. काठीबिठी काही नाही. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा त्याने दर दुकानाच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या आणि उतरायच्या. जिथे त्याचा आखूड पाय ठरेल तेच दुकान उघडं राहील.

पहिल्याच सकाळी बाकीची दुकानं बघून तो शेवटी लंगडत शेटजींच्या दारी आला. शेटजी आणि त्यांचा मुलगा पहाटेपासून खपत होते. हमालाने खालच्या पायरीवर पाय ठेवला, जरासा दाबून बघितला आणि मागे घेतला.

"कोपऱ्यात राख कमी आहे, शेटजी."

समोर हलवाई फळ्या काढून बसला होता आणि हसत होता. शेटजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते आत गेले, घमेलं घेऊन आले, पायरीवर गुडघे टेकून बसले आणि कोपऱ्यात हाताने राख पसरू लागले. हमाल शेजारी उभा राहून वाट बघत होता. त्या दिवशी बाजारात शेटजींचं दुकान सगळ्यांत शेवटी उघडलं. त्यानंतर मात्र त्या रस्त्यावर ओझं घेतलेला माणूस पडल्याचं कुणी ऐकलं नाही.

तात्पर्य: नियम पाळायचा तो तपासणाऱ्याच्या समाधानासाठी नव्हे, ज्याचा पाय त्या पायरीवर पडणार आहे त्याच्यासाठी.