जसिंताचं बिस्किटांचं घर

“पण फादर, शिकवणाऱ्यानं जिवाचं रान केलं आणि तरी मूल शिकेना, तर चूक कुणाची?”

निवृत्त धर्मगुरूंच्या निवासाबाहेर, चिकूच्या झाडाखालच्या बाकावर फादर इनास बसले होते आणि पायानं चप्पल चाचपत होते.

जसिंताला उत्तराची घाई होती. तिला सगळ्याचीच घाई असे. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची. माझ्या दोन्ही मुलांना मी घरीच शिकवणार, हे तिनं अख्ख्या वसईला ऐकवून ठेवलं होतं. आता नाताळ तोंडावर आला होता आणि सासूबाईंनी बजावलं होतं, सुट्टी संपली की जोएलला शाळेत घालायचं, पुरे झाली ही थेरं.

“काय काय शिकवलंस?” फादरांनी विचारलं.

झालं! तोंडाचा पट्टा सुटला.

“या महिन्यात सगळं जिंजरब्रेडवरच, फादर. आलं, दालचिनी, लवंग डोळे बांधून वासावरून ओळखायची. पीठ कपानं मोजायचं. बिस्किटांची माणसं करायची, त्यांना मनुकांची बटणं लावायची, ती मोजायची. उरलेल्या पिठाची अक्षरं वळायची. आणि हे घर... भिंतींवरून चौकोन, छपराचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की त्रिकोण. सगळं मीच बसवलं होतं. येताना रिक्षात छप्पर घसरलं, एवढंच.”

“आणि मुलं?”

“रिया चार वर्षांची, ती नुसती मनुका खाते. तिचं सोडा. पण जोएल सहाचा झाला. काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतो, आणि मग मिठाची गुळणी. पूर्वी प्रश्न विचारून विचारून डोकं खायचा, फादर. आता महिनाभर एक प्रश्न नाही...”

सासूबाईंपुढची हार तिनं कशीबशी गिळली असती. पण आपल्या बडबड्या पोराचा आवाज गेला कुठं, या काळजीनं तिला अन्न गोड लागत नव्हतं.

“मला दाखव,” फादर म्हणाले.

मुलं समोरच ओट्यावर बसली होती. मध्ये ताटात ते बिनछपराचं घर होतं. जसिंतानं पदर सावरला आणि शाळेतला आवाज काढला.

“जोएल, बाळा, छपराच्या या तुकड्याचा आकार कोणता?”

जोएलनं वर बघितलं. छपराकडे नाही, आईच्या तोंडाकडे. तिचे ओठ आधीच ‘चौ’ म्हणायला लागले होते.

फादरांनी ते पाहिलं. तिनं आणलेल्या डब्यातून त्यांनी एक बिस्किट उचललं. चांगला वीतभर माणूस होता, तीन बटणांचा. जसिंता सुखावली. चला, कुणीतरी चव तरी घेतंय!

फादरांनी तो माणूस उलटसुलट करून बघितला. आणि अलगद तिच्याच तोंडात घातला.

“फा...”

“चाव.”

घर टिकावं म्हणून जसिंतानं सगळंच दगडासारखं कडक भाजलं होतं. माणूस कमरेपर्यंत आत गेला आणि अडकला. ओठांबाहेर त्याचे दोन पाय तेवढे राहिले.

जोएलनं पुन्हा आईकडे बघितलं. तिथं उत्तर नव्हतं. पाय होते.

“आईची अळीमिळी गुपचिळी!” रिया ओरडली आणि हसत हसत ओट्यावर लोळली.

जोएलही फिदीफिदी हसला. हसून झाल्यावर त्याला कुणी काही विचारेना. तो थोडा वेळ वाट बघत बसला... मग त्यानं छपराचा तुकडा उचलला.

तिरका ठेवला, घसरला. दुसरा त्याला टेकवला, दोन्ही घसरले. “खाली भिंत फाकतेय,” तो स्वतःशीच म्हणाला. “भिंत धर गं, रिया.”

रियानं भिंत धरली आणि तिचा कोपरा खाऊन टाकला. जोएलनं दोन्ही तुकडे भिंतींवर सपाट आडवे ठेवले. ते राहिले.

“गच्ची झाली!”

अरे, पण छप्पर उतरतं हवं! जसिंतानं घास एका गालात सारला आणि बोट वर केलं. फादरांनी मुकाट्यानं डब्यातलं दुसरं बिस्किट त्या बोटांत दिलं.

“गच्चीवर काय करायचं?” रियानं विचारलं.

“सुकट वाळत घालायची, आजी घालते तशी. मनुकांची सुकट. तू त्या बाजूला घाल, मी या बाजूला. ए, तुझ्या जास्त झाल्या! एकेक घाल... हं. आता सारख्या. ही एक उरली.”

“ती माझी.”

“नाही, फादरची. त्यांना दात नाहीत, त्यांना मऊच चालतं.”

फादरांनी मनुका घेतली आणि मोठ्या भक्तिभावानं चोखली.

जोएल आता बोटाला लागलेला चुरा चाटत होता. चाटता चाटता थांबला.

“आई, आलं जमिनीत असतं तेव्हापण तिखट असतं? मग किड्यांना तिखट लागत नाही?”

जसिंता चावायची थांबली. याचं उत्तर तिला येत नव्हतं. आणि येत असतं तरी तोंड भरलेलं होतं.

“फादर, तुमच्याकडे आलं लावलंय?” जोएलनं तिच्यासाठी थांबण्याचा विचारसुद्धा केला नाही.

“विहिरीमागच्या वाफ्यात. एखादा किडा भेटला तर त्यालाच विचार.”

दोघं पळाली. मागून जोएलचा आवाज येत राहिला. किडे झोपतात कधी, किड्यांना जीभ असते का, आल्याच्या कोंबांना डोळे का म्हणतात... एकातून दुसरा, श्वास घ्यायलाही उसंत नाही.

जसिंतानं एकदाचा घास गिळला. तिला इतका आनंद झाला होता की तिनं फादरांचे दोन्ही हात धरले. ती पोराची बडबड नुसती ऐकत राहिली. बिस्किट छान झालं होतं, हेही तिला आत्ताच कळत होतं.

पण मास्तरीणच ती. फार वेळ कशी गप्प बसेल?

“फादर, सगळं कळलं. मी मध्ये बोलणार नाही. पण उद्या तो चुकला तर?”

फादरांनी डब्याचं झाकण लावून डबा तिच्या मांडीवर ठेवला.

“तर, बाय, सावकाश चाव.”