पाहुणीची हाक

नदीला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या काठी एका बोरीवर सातभाई पाखरांचा छोटासा थवा राहायचा. लांबचं रान जळलं म्हणून त्यांच्याच जातीची एक पक्षीण तिथे राहायला आली. सगळ्यांनी तिला फांदीवर जागा दिली, किडे दिले आणि नाव दिलं 'पाहुणी'.

दोन उन्हाळे गेले. थव्यातल्या तानीची पिल्लं पाहुणीने स्वतःच्या चोचीने भरवली, तरी नाव तेच राहिलं. थवा खाली चरायला उतरला की शेंड्यावर पहारा असायचा, आणि तो बोरीवर जन्मलेल्यानेच द्यायचा अशी रीत होती. पहारेकरी आप्पांना आता समोरची फांदीही धड दिसत नव्हती.

"आप्पा, आज मी बसू का वर?" पाहुणीने विचारलं.

"बाई गं, तू खा, पी, मजेत राहा," आप्पा म्हणाले. "घरची कामं पाहुण्यांना सांगतात का कुठे?" सगळे हसले.

त्याच दुपारी पाहुणीला ससाणा दिसला. "उडा! ससाणा आला!" ती जीव तोडून ओरडली. सगळ्यांनी शेंड्याकडे पाहिलं. आप्पा गप्प होते. सगळे पुन्हा पाला उलथू लागले.

तानीचं नुकतंच उडू लागलेलं पिल्लू ससाण्याने डोळ्यांदेखत उचललं. पाहुणी त्याच्यामागे झेपावली आणि तशीच परतली.

"ही आल्यापासून हे असलं व्हायला लागलंय," आप्पा म्हणाले.

तानी पाहुणीजवळ सरकली. "तुझी हाक मला ऐकू आली होती गं," ती हळूच म्हणाली. "पण बाकी कुणी हललं नाही. मग मी एकटीच कशी उडणार?"