अनुपानाचं झाड

"पण महाराज, कागदावर स्पष्ट लिहिलंय ना?"

गदाधरच्या आवाजात नवल होतं, थोडा रागही.

केवलगिरी महाराज समोरच्या बाईकडे बघत होते. मठाच्या पायरीवर भिवराबाई बसली होती. तिच्या पोटऱ्या काट्यांनी ओरबाडल्या होत्या. हातात गदाधरनंच लिहून दिलेला कागद होता, घड्या घालून घालून मऊ पडलेला.

"भिवरे, तीन दिवस कुठं होतीस?" महाराजांनी विचारलं.

"डोंगरात. बाकी समदं घरात होतं. पान तेवढं घावलं नाही."

"कसलं पान?"

"अनुचं." तिनं अक्षरांवर बोट ठेवलं. गावात भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात ती नुकती वाचायला शिकली होती. "हे बघा की. अ... नु... पान. गुराख्यांना विचारलं, वैदूंना विचारलं. कुणाला ते झाडच ठावं नाही. पानाबिगर काढा कसा द्यायचा? म्हणून दिलाच नाही."

आणि घरी तिचा नवरा नारबा दिवसाआड तापानं थडथडत पडला होता.

गदाधरला हसू आलं. महाराजांचा चेहरा दिसला आणि त्यानं ते गिळलं.

तो काशीला आठ वर्षं आयुर्वेद शिकून आला होता. महाराजांचा हात थरथरायला लागल्यापासून रोग्यांना कृती लिहून देण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. अक्षर असं, की लोक कागद देवाजवळ ठेवत.

"अनुपान म्हणजे औषधासोबत घ्यायची वस्तू," तो म्हणाला. "इथं मध. कोणत्याही वैद्याला..."

"ही वैद्य आहे?"

"नाही."

"मग मध का नाही लिहिलंस?"

गदाधरनं तिच्या हातातला कागद घेतला.

महाराज उठले. त्यांनी स्वतः काढा उकळला, तांब्यात भरला, मधाची बाटली दिली आणि बाईला आधी घरी धाडलं. मग गदाधरकडे वळले.

"परत लिही."

संध्याकाळपर्यंत सात पानं झाली. प्रत्येक कठीण शब्दाखाली अर्थ, मापांचं कोष्टक, काढा म्हणजे काय आणि काय नव्हे. आता शंकेला जागाच उरली नाही, असं गदाधरला वाटलं.

महाराजांनी पानं हातावर तोलली. वाचली नाहीत.

"उद्या हे तिला दे. ती काढा करील तोवर समोर बस. नारबाला मात्र इथून नेलेलाच पाज."

"आणि तिनं काही विचारलं तर?"

"उंबऱ्यात पाण्याची गुळणी धर. तिचं होईस्तोवर थुंकायची नाही, गिळायची नाही."

"म्हणजे... मी काही सांगायचं नाही?"

"काय सांगायचं ते कागद सांगेल."

महाराज थट्टा करतायत की शिक्षा देतायत, हे गदाधरला रात्रभर उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाल फुगवून तो भिवराबाईच्या चुलीसमोर बसला. तिनं आधी चूल पेटवली, मग वाचायला घेतलं. पहिलं पान संपेस्तोवर जाळ विझला. तिनं फुंकणीनं पुन्हा फुलवला. 'सोळापट पाणी' वाचून ती भांड्यांकडे बघत राहिली. कशाच्या सोळापट? 'अष्टमांश उरवावा, म्हणजे आठवा हिस्सा ठेवावा' इथं आल्यावर तिनं बराच विचार केला. मग भांडं उचललं आणि न उकळलेलं पाणी मोरीत ओतून दिलं. तळाशी आठवा हिस्सा ठेवला.

गदाधरनं दोन्ही हात हलवले. डोळे वटारले. अंगठा चुलीकडे, मग भांड्याकडे, मग आकाशाकडे केला.

"काय झालं बुवा? दाढ दुखतीय?"

पाणी नाकातोंडातून बाहेर आलं.

तो मठात परतला तेव्हा छातीवरचा अंगरखा ओला होता.

"महाराज, ती चार ठिकाणी चुकली."

"दाखव."

"काय दाखवू?"

"त्या चार जागा."

गदाधरनं पानं पसरली. एका ओळीवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या. तिसऱ्या. चौथ्या.

"बोट कुणाच्या अक्षरावर आहे?"

गदाधरनं बोट मागे घेतलं.

"मग काय करू?" गदाधर काकुळतीला आला. "कमी लिहिलं तर ती अडते. जास्त लिहिलं तर बुडते. आपण एकदा सांगा तरी, किती लिहू?"

"आणखी एक गुळणी भर."

काढा एकवीस दिवस द्यायचा होता. गदाधर रोज मठातला काढा घेऊन जाई, रोज नवा कागद नेई, रोज गाल फुगवून बसे. तिची नजर जिथं थांबे, ती जागा तो मठात परतल्यावर पुन्हा लिही. ती पाणी तांब्यानं मोजते, पूड मुठीनं, हे त्याला पाचव्या दिवशी दिसलं. ज्या शब्दांचा त्याला अभिमान होता, नेमके तेच गळत गेले. प्रत्येक शब्द खोडताना त्याला वाटे, आपली काशीच खोडली जातेय. आपण शहाणे होतोय की अडाणी, तेही कळेना.

एकविसाव्या दिवशी कागद तळहाताएवढा उरला.

'तांब्याभर पाणी घ्या. त्यात मूठभर पूड टाका. चुलीवर ठेवा. एक वाटी उरेपर्यंत उकळू द्या. गाळा. कोमट झालं की चमचाभर मध घाला. पाजा.'

भिवराबाईनं वाचलं आणि कागद डब्याखाली सरकवला. कुठं थांबली नाही. वर बघितलं नाही. हात चालत राहिले. गदाधरनं गुळणी थुंकून वाटी नाकाशी नेली, रंग पाहिला, एक घोट चाखला. तंतोतंत मठातला काढा.

त्यानं मान डोलावली. तिनं वाटी नारबाला दिली. भिंतीला टेकून बसलेल्या नारबानं ती एका दमात रिकामी केली आणि भाकरी मागितली.

गदाधरनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. कौतुकाचा एखादा शब्द येईल म्हणून.

"बुवा, राग मानू नका," ती पीठ मळता मळता म्हणाली. "पर यात लिहिण्याजोगं काय होतं? हे तर मला येतच होतं."

मठाची चढण त्या दिवशी त्याला लांब वाटली.

महाराज अंगणात हिरडे वाळत घालत होते. गदाधर समोर उभा राहिला.

"काढा बरोबर झाला," तो शेवटी म्हणाला.

"बरं."

"पण महाराज... ती म्हणते, तिला आधीपासूनच येत होतं."

महाराजांनी हातातला हिरडा खाली ठेवला. थरथरते हात जोडून त्यांनी गदाधरला नमस्कार केला. तो गडबडून मागे सरला.

"हे काय, महाराज? मी तर... मग एकवीस दिवस मी केलं तरी काय?"

महाराज पुन्हा हिरड्यांकडे वळले.

"खरं बोलली ती. येत नव्हतं ते तुला."