तिम्माचा दगड

खडकोणी गावाच्या वेशीबाहेर एक बारव आहे. पायऱ्या उतरून तळाशी गेले की डाव्या हाताला कातळात खोदलेले एक आडवे भुयार दिसते आणि त्याच्या तोंडाशी एक सपाट दगड. माणसे बसून बसून तो मधोमध खोलगट झाला आहे. पाहुणे आले की गावातले म्हातारे राणूआबा त्यांना बारव दाखवतात. "हा तिम्माचा दगड," ते सांगतात. "आमच्या बारवेवर राबलेला सगळ्यांत आळशी माणूस. दरसाल हार घालतो आम्ही त्याला." पाहुणे हसतात. आबा हसत नाहीत. हसू ओसरेपर्यंत ते थांबतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी गावचे सगळे झरे आटले, असे सांगतात. तेव्हा विहिरी खोदणाऱ्या वडारांची एक टोळी येथे बोलावून आणली. टोळीचा नाईक यल्लप्पा. पण तो स्वभावाने मवाळ. टोळी ऐकायची ती त्याच्या बायकोचे, दुर्गव्वाचे. बाई कामाला वाघ होती. बाप्यांच्या बरोबरीने घण मारायची आणि बसलेले माणूस दिसले की तिचे डोके फिरायचे.

आणि त्या टोळीची तर बसण्याचीच रीत होती. थोडे काम झाले की कोणीतरी "दम!" अशी हाळी द्यायचा. सगळे हत्यारे खाली ठेवायचे, पाणी प्यायचे, तंबाखू मळायचे. उठताना एकजण भुयाराच्या छताला हातोडीने हलके ठोकून बघायचा. कातळ खणखणीत वाजला तर काम पुढे चालू. बद्द आवाज आला तर आधी टेकू द्यायचा. हाळी देण्यात तिम्मा नेहमी पहिला. भुयाराच्या तोंडाशी एक दगड त्याने आपल्यासाठी हेरून ठेवला होता. दुर्गव्वा त्याला 'बसका बैल' म्हणायची आणि तो मान डोलावून ते कबूल करायचा.

बारव खोल गेली, भुयारही आत गेले, तरी पाणी लागेना. गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन काठावर येत आणि खाली बघत बसत. त्यांचे ते बघणे दुर्गव्वाच्या जिव्हारी लागे. शेवटी एके सकाळी तिने बारवेतल्या कोनाड्यात यल्लम्मा मांडली, हळदकुंकू वाहिले आणि सगळ्यांदेखत नवस बोलली, "आई, पाणी लागेस्तोवर हितला घण थांबणार नाय. थांबला, तर माझा जीव घे."

त्या दिवसापासून दम बंद झाला. भुयार अरुंद, एका वेळी एकच घण चाले. एक थकला की दुसऱ्याने तो हातातल्या हातात घ्यायचा, पण आवाज तुटू द्यायचा नाही. पहिले काही दिवस काम सपाटून झाले म्हणे. मग घाव चुकू लागले. छिन्नी सोडून बोटांवर बसू लागले. माणसे एकमेकांवर खेकसू लागली, पुढे पुढे तर खेकसेनाशीही झाली. एकदा तिम्मा म्हणाला, "अक्का, छत ठोकून बघायपुरतं तरी थांबू."

"बसायला निमित्तच पायजे तुला," दुर्गव्वा म्हणाली आणि तिने त्याच्या हातातला घण ओढून घेतला.

त्याच पाळीत ती भुयाराच्या टोकाशी एकटी घण मारत होती आणि बाकीचे मागे कपच्या उपसत होते. मधले छत खाली आले.

ती शुद्धीवर आली तेव्हा डोळे उघडे की मिटलेले, हे तिला कळेना, इतका काळोख. हातपाय शाबूत होते, पण उठून बसण्याइतकीही उंची नव्हती. एक भली मोठी शिळा तिच्या डोक्यावर तिरपी अडकली होती. त्या शिळेमुळेच दुर्गव्वा वाचली होती आणि तिच्याखालीच कोंडली गेली होती. दुर्गव्वाने एक हात पुढे केला; दगड. मागे केला, दगड. तिला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

तेवढ्यात पलीकडून घणाचा आवाज तिच्या कानी आला. तिला रडू फुटले. आली आपली माणसे! पण मग ती कान देऊन ऐकू लागली. आवाज उजवीकडून येत होता आणि ती डाव्या भिंतीला होती. ते भलतीकडेच फोडत होते. प्रत्येक घावासरशी वरून माती झरे आणि शिळा केसभर खाली सरके. ती ओरडली, "थांबा!" तोंडात धूळ गेली. तिने हाताशी लागलेला गोटा घेऊन भिंतीवर ठोकायला सुरुवात केली. पण तिचा तो टकटकाट घणाच्या दणक्यात पार बुडून जात होता.

घण थांबला की ठोकू, असे तिने ठरवले. ती वाट बघू लागली. घण थांबेना. आणि मग तिच्या ध्यानात आले की तो थांबणारच नाही. तिनेच तसे बजावले होते, देवीसमोर. तिची माणसे तिचा शब्द पाळत होती. शिळा आता तिच्या केसांना टेकली होती.

त्या वेळी तिने देवीचा धावा केला नाही, असे सांगतात. तिने तिम्माला हाक मारली. "बस की रे मेल्या," ती काळोखात पुटपुटत होती. "एकदा तरी बस."

बाहेर काय चालले होते ते तिला मागाहून कळले. छत कोसळताच यल्लप्पाने दुसरा घण उचलला होता आणि तो रडत रडत मारत होता. थांबावे तर नवस मोडतो, नवस मोडला तर देवी तिचा जीव घेते. म्हणून कोणी थांबत नव्हते. फिरत फिरत घण तिम्माकडे आला. त्याने तो घेतला, भुयाराच्या तोंडाशी नेऊन खाली ठेवला आणि त्यावर पाय देऊन आपल्या दगडावर बसला. "माझ्यानं व्हत नाय आता," तो म्हणाला. "मारायचं तर मारा."

यल्लप्पा हात उगारून त्याच्यावर धावला. हात वरच राहिला. भुयारात शांतता पडली होती आणि त्या शांततेत, डावीकडून, अगदी बारीक आवाज येत होता. टक. टक. टक.

मग त्यांनी डावी बाजू धरली. थोडे फोडायचे, थांबायचे, कान द्यायचा, टेकू लावायचा. असे करत तिला बाहेर काढले. यल्लप्पा तिच्याकडे बघायच्या आधी कोनाड्यातल्या देवीकडे बघत होता. "नवस मोडला, दुर्गे," तो म्हणाला. "घण थांबला."

"थांबला म्हणून तर ऐकू गेलं तुमास्नी," दुर्गव्वा म्हणाली.

तिला बघताच तिम्मा सवयीने चटकन उठू लागला. तिने त्याचा खांदा दाबला. "सरक जरा," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी त्या दगडावर बसली. टोळीने तिला बसलेले पहिल्यांदाच पाहिले.

हात धुऊन ती देवीसमोर गेली. "आई, नवस चुकला. बदलून घे," ती म्हणाली. "हितं रोज घण थांबंल. मी असले-नसले तरी थांबंल." पुढे दम घेऊन काम सुरू झाले. घाव नेमके बसू लागले, कातळ पहिल्यापेक्षा लवकर फुटू लागला आणि कोणाला वाटले नव्हते इतक्या लवकर झरा लागला म्हणे. पहिली घागर दुर्गव्वाने त्या दगडावर ओतली.

आजही खडकोणीत दिवसातून तीनदा "दम!" अशी हाळी होते. पिठाची गिरणी थांबते, शिंप्याचे मशीन थांबते, पतपेढीतला कारकून कॉम्प्युटरवरून हात काढतो. घाईत आलेली गिऱ्हाईके कुरकुरतात. त्यांनाही बसायला लावतात. आणि उठताना प्रत्येकजण जवळच्या भिंतीला क्षणभर कान लावतो. आत कोणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी लावतात.